उभं पीक आणि बियाणं

दिल्लीतल्या एका अविवाहित तरुणाला २०२० साली लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला. केमोनंतर मूल होण्यात अडचण येऊ शकते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं म्हणून त्यानं वीर्य गोठवून ठेवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात तो गेला. ते वीर्य आईवडिलांना मिळावं, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४मध्ये दिला. बातम्यांत चर्चा रंगली ती कायद्याची. मला मात्र एवढंच लक्षात राहिलं, की त्याला कुणीतरी वेळेत सांगितलं होतं.

वृषणात दोन कामं चालतात, आणि ती वेगवेगळ्या पेशी करतात. बारीक नळ्यांमध्ये शुक्रजंतू तयार होतात. एक शुक्रजंतू घडायला साधारण अडीच महिने लागतात, आणि तिथं पेशींचं विभाजन अखंड चालू असतं. केमोची औषधं अशा भराभर वाढणाऱ्या पेशींवरच तुटून पडतात. गाठ कुठली नि नळी कुठली, हे त्यांना कळत नाही. केस जातात, तोंड येतं, तसे शुक्रजंतूही जातात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवणाऱ्या पेशी नळ्यांच्या मधल्या जागेत असतात, क्वचितच विभागतात आणि म्हणून बऱ्याचदा तगतात. परिणामी दाढी, इच्छा, ताठरता सगळं जागच्या जागी आणि रिपोर्टवर शुक्रजंतू शून्य, असं होऊ शकतं. वंध्यत्व आणि नपुंसकत्व आपण एकाच पोत्यात भरतो, त्याचा फुकटचा जाच या मुलांना होतो.

हे शून्य कायमचं की तात्पुरतं, ते औषधावर आणि डोसवर ठरतं. नळ्यांच्या भिंतीलगतच्या मूळपेशी म्हणजे बियाणं. नुसतं उभं पीक गेलं तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, ते पुन्हा उगवतं. सायक्लोफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन यांचे मोठे डोस बियाणंच जाळतात. वृषणावर थेट पडलेले किरणही तेच करतात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ साली, पंचविशीत, वृषणाचा कर्करोग झाला. केमोआधी गोठवलेल्या वीर्यातून त्याला तीन मुलं झाली आणि २००९मध्ये चौथं झालं ते नैसर्गिकरीत्या. पण पीक परत येईलच, या भरवशावर कुणी बसू नये.

उलटी चूकही होते. ‘केमो चालू आहे, आता कुठलं मूल राहतंय’ म्हणून निरोध टाळला जातो. आधी तयार झालेले, औषधानं जनुकं बिघडलेले शुक्रजंतू तेव्हा वीर्यात असू शकतात. उपचार चालू असताना आणि संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने गर्भनिरोधक वापरायलाच हवं.

वृषणाच्या कर्करोगात कधी पोटामागच्या लसिकाग्रंथी काढाव्या लागतात. तेव्हा नसांना धक्का लागला, तर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. सुख जाणवतं, पण काहीच बाहेर पडत नाही. आधी कल्पना नसेल तर माणूस हादरतो. एक वृषण काढलं तरी दुसरं निरोगी असेल तर सहसा भागतं. इच्छाच मेल्यासारखी वाटत असेल तर त्यामागे थकवा असतो, भीती असते, क्वचित टेस्टोस्टेरॉन खरंच उतरलेलं असतं. सकाळच्या रक्ततपासणीत ते कळतं, आणि त्यावर उपाय आहेत.

गोठवण्याचं काम तसं साधं. एक बंद खोली, प्लास्टिकची डबी, मग नाव-नंबर लावलेल्या छोट्या कुप्या उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. १९९२मध्ये आलेल्या इक्सी तंत्रात, म्हणजे शुक्रजंतू सुईनं थेट बीजांडात सोडण्याच्या पद्धतीत, एका बीजांडाला एकच शुक्रजंतू पुरतो, त्यामुळे नमुना पातळ आला तरी टाकाऊ नसतो. अट एकच: पहिल्या केमोच्या आधी. वयात न आलेल्या मुलांसाठी ही सोय नाही. त्यांच्या वृषणाच्या ऊती गोठवण्यावर अजून प्रयोगच चालू आहेत.

अडतं ते ओपीडीत. एकोणीस वर्षांचा मुलगा, एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला मामा, टेबलावर फुगलेली फाइल. तो विचारणार कसा? डॉक्टरांनीच म्हणावं, ‘तुम्ही दोघं जरा बाहेर बसा.’