नेपाळच्या ‘अनाथ’ मुलांना शिकवायला जाण्याआधी

सुट्टीत दोन-तीन आठवडे काठमांडूच्या अनाथाश्रमात इंग्रजी शिकवलं की पोरक्या लेकरांचं भलं होतं, असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खरा नाही. तिथल्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात आहेत. १९९६ ते २००६ च्या यादवीत दलालांनी हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांत ‘शहरात चांगली शाळा मिळेल’ असं सांगून पालकांकडून पैसे उकळले आणि मुलं आणून आश्रमांत टाकली. काहींचे आईवडील वारल्याची खोटी कागदपत्रंही केली. आश्रमांची गर्दी कुठे, तर काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर. पाहुणे पैसे देतात, म्हणून मुलं लागतात. हे फार संतापजनक आहे.

शिकवण्याचं म्हणाल, तर दर पंधरवड्याला नवी ताई आणि पुन्हा ‘ए फॉर ॲपल’. मुलाला आधीचं काय येतं हे तिला ठाऊक नसतं, आणि त्याला लळा लागतो न लागतो तोच ती निघून जाते. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली मुलांना असं आश्रमांत आणून टाकण्याच्या तस्करीला आधुनिक गुलामगिरीचा प्रकार मानलं. मदत करायचीच असेल, तर मुलांना घरी पोचवणाऱ्या आणि गावच्या शाळेत नेपाळी शिक्षक टिकवणाऱ्या कामाला पैसे द्या.