समाक्ष केबलमधील दोषशोधन

समाक्ष (कोअ‍ॅक्सियल) केबल कुठे तुटली, शॉर्ट झाली, दबली किंवा तिच्यात पाणी शिरले, हे ती न उकलता शोधण्याची पद्धत. केबलच्या टोकाशी संरोध (इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विद्युत्प्रवाहाला होणारा एकूण विरोध) मोजायचा, त्याच केबलचे गणिती प्रतिरूप संगणकावर चालवायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे, असे तिचे स्वरूप आहे.

मध्ये तार, तिच्याभोवती निरोधक आणि त्यावर धातूच्या जाळीचे आवरण, अशा रचनेचे पेटंट ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्ये घेतले. या केबलचा स्वाभाविक संरोध, म्हणजे तिच्यातून धावणाऱ्या तरंगाला भेटणारा संरोध, आवरण व तार यांच्या व्यासांच्या गुणोत्तरावर आणि निरोधकाच्या गुणधर्मावर ठरतो. लांबीशी त्याचा संबंध नाही. रेडिओ यंत्रणांत तो बहुधा ५० ओहम, दूरचित्रवाणीच्या केबलमध्ये ७५ ओहम असतो. केबल दबली की तो उतरतो. पाणी शिरले तरी उतरतो, शिवाय संदेशाचा ऱ्हासही वाढतो. मल्टिमीटरला मात्र दबलेली केबल ठणठणीतच वाटते, कारण तार सलग आहे की नाही एवढेच तो पाहतो.

केबलमध्ये स्पंद (विजेचा क्षणिक ठोका) सोडला, की संरोध जिथे बदलतो तिथून त्या तरंगाचा काही अंश मागे फिरतो. तुटलेल्या जागेवरून स्पंद सुलट परततो, शॉर्टवरून उलटा. घन पॉलिएथिलीनच्या केबलमध्ये तरंग प्रकाशवेगाच्या सुमारे ६६ टक्के वेगाने, म्हणजे नॅनोसेकंदाला साधारण २० सेंटिमीटर धावतो. स्पंद ३०० नॅनोसेकंदांनी परतला तर दोष ३० मीटरवर. फोम भरलेल्या केबलमध्ये वेग जास्त असतो. वेगाचा हा आकडा चुकला की खणायची जागाही चुकते.

स्पंदाऐवजी अखंड तरंग सोडून त्याची कंप्रता (वारंवारता, फ्रीक्वेन्सी) बदलत नेऊनही संरोध मोजता येतो. आलेखावर चढउतार उमटतात. दोष ५० मीटरवर असेल तर लागोपाठच्या शिखरांत सुमारे २ मेगाहर्ट्‌झचे अंतर पडते.

तूट किंवा शॉर्ट सापडणे सोपे. खरी कसोटी छोट्या दोषांची. समजा, १ सेंटिमीटर भागात संरोध ५० वरून ४० ओहमवर आला. त्या भागाच्या सुरुवातीला ११ टक्के परावर्तन होते, पण शेवटाला तेवढेच उलट चिन्हाचे. स्पंद चढायला १ नॅनोसेकंद घेत असेल तर दोन्ही परावर्तने एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती जेमतेम १ टक्का उरतो.

इथे सदृशीकरण, म्हणजे संगणकावरचे गणिती प्रतिरूप, कामी येते. केबलचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येकाला रोध (तारेचा विरोध), प्रवर्तकता व धारकता (चुंबकीय व विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठवण्याचे गुण) आणि गळती (निरोधकातून पाझरणारा प्रवाह) दिली जाते. तुकड्यांच्या सारण्या (मॅट्रिक्स, म्हणजे त्यांचे गुण मांडणारे आकड्यांचे चौकोनी संच) गुणल्या की टोकावरचा संरोध मिळतो. मग मोजलेल्या आलेखाशी जुळेपर्यंत दोषाची जागा, लांबी आणि तीव्रता बदलत जायची. अडचण अशी, की आखूड पण तीव्र दोष आणि लांब पण सौम्य दोष कमी कंप्रतेवर जवळपास सारखेच दिसतात. हा पेच रुंद कंप्रतापट्ट्याने मोजल्यास बराच सुटतो. केबल निर्दोष असतानाचे मोजमाप राखून ठेवलेले असेल, तर ते वजा करून जोडण्यांची (कनेक्टरांची) नेहमीची परावर्तनेही वेगळी काढता येतात.