एकिनेशिया: चुकीच्या बियाण्यापासून बीजबँकेपर्यंत

होमिओपॅथीच्या दुकानात ‘एकिनेशिया क्यू’, म्हणजे या वनस्पतीचा मूळ अर्क, मागितला की तपकिरी बाटली समोर येते. लेबलवर एकिनेशियापुढे आणखी एक शब्द असतो, जातीचे नाव: बहुधा अँगुस्टिफोलिया, नाहीतर पर्प्युरिया. तो कोणी वाचत नाही. या वनस्पतीचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास मात्र त्याच दुसऱ्या शब्दाभोवती फिरत आला आहे.

एकिनेशिया सूर्यफुलाच्या कुळातली. रानात ती फक्त उत्तर अमेरिकेत सापडते. जांभळट पाकळ्या खाली झुकलेल्या आणि मधोमध टोकदार काट्यांचे बोंड, म्हणून इंग्रजीत कोनफ्लॉवर. ग्रीक ‘एकिनोस’ म्हणजे काटेरी अंगाचा प्राणी. त्यावरून १७९४ मध्ये मोएन्च या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव ठेवले. नावाची गरज मुळात युरोपियनांना होती. ग्रेट प्लेन्सच्या गवताळ प्रदेशातल्या लाकोटा, शायान, पॉनी, ओमाहा लोकांना हे मूळ त्याआधीपासून ठाऊक होते. दाढ दुखली की चघळायचे, घसा धरला तरी चघळायचे, साप चावला की जखमेवर लावायचे. अँगुस्टिफोलियाचा तुकडा तोंडात धरला की जीभ झिणझिणते आणि मग बधिर होते. अक्कलकाऱ्याचे फूल चावून पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. तोही याच कुळातला आणि झिणझिण्या आणणारी द्रव्येही दोन्हींत एकाच गटातली.

बाजारात हे मूळ आणले नेब्रास्कातल्या पॉनी सिटीच्या एच. सी. एफ. मेयर यांनी. १८७०च्या सुमारास ते ‘रक्तशुद्धी’चे औषध म्हणून त्याचा अर्क विकू लागले. पुढे १८८०च्या दशकात त्यांनी सिनसिनाटीचे डॉ. जॉन किंग आणि औषधनिर्माते जॉन उरी लॉइड यांच्याकडे नमुना पाठवला. विश्वास बसावा म्हणून, तुमच्यासमोर खुळखुळ्या सापाकडून चावून घेतो, अशी तयारीही दाखवली. त्या दोघांनी नको म्हटले. पण लॉइड यांनी त्याहून शहाणपणाची एक मागणी केली: नुसते मूळ नको, अख्खे झाड पाठवा. मेयर यांना आपण काय विकतो आहोत त्याचे शास्त्रीय नाव माहीत नव्हते. झाड आल्यावर कळले की ती अँगुस्टिफोलिया. १८८७ मध्ये किंग यांनी त्यावर लिहिले आणि वनौषधींवर भर देणाऱ्या ‘एक्लेक्टिक’ पंथाच्या डॉक्टरांमध्ये हे औषध चालू लागले. १९०९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या परिषदेने ते निरुपयोगी ठरवले. खप काही थांबला नाही.

दुसरी गफलत जर्मनीतली, आणि तिचे परिणाम जास्त टिकले. १९३०च्या दशकात औषधनिर्माते गेरहार्ड माडाउस अमेरिकेतून अँगुस्टिफोलियाचे बी म्हणून जे घेऊन गेले, ते उगवल्यावर पर्प्युरिया निघाले. शेतात पीक उभे, आता करायचे काय? त्यांनी त्याच झाडाच्या ताज्या रसाचे औषध बनवले. युरोपातले पुढचे बरेच संशोधन पर्प्युरियावर झाले त्यामागे या चुकीच्या बियाण्याचा मोठा हात आहे. मूळवासी लोकांचा अनुभव मुख्यतः एका जातीचा, प्रयोगशाळेतले निष्कर्ष दुसरीचे, आणि बाटलीवर दोन्ही एकाच दमात.

त्यात भेसळीची भर. पर्प्युरियाच्या मुळांत पार्थेनियम इंटेग्रिफोलियमची मुळे मिसळली जायची. म्हणजे आपल्याकडे १९५५च्या सुमारास पुण्यात दिसलेल्या आणि मग सगळीकडे माजलेल्या गाजरगवताची सख्खी नातलग! काही रासायनिक द्रव्ये एकिनेशियाची म्हणून छापूनही आली होती. १९८०च्या दशकात जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की ती पार्थेनियमची.

१९९०च्या दशकात सर्दीवरचा उपाय म्हणून एकिनेशियाची अमेरिकेत लाट आली. (सर्दीवर ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही, २००५च्या एका मोठ्या चाचणीत अँगुस्टिफोलियाचा काहीच लक्षणीय परिणाम दिसला नव्हता.) पर्प्युरिया शेतात सहज येते. अँगुस्टिफोलिया मात्र हळू वाढते, तिचे बी लवकर रुजत नाही, म्हणून लोक कुदळी घेऊन माळावर गेले. कॅन्सस, मोंटाना, नॉर्थ डकोटा इथे पोतीच्या पोती मुळे निघाली. पाने किंवा फुले तोडली तर झाड वाचते. सोटमूळ उपटले की खेळ संपू शकतो.

काही जातींना तर औषधाचा धंदा नसतानाच धोका होता. नॅशव्हिलजवळच्या उथळ मातीच्या, चुनखडीच्या माळांवरची टेनेसीन्सिस नष्ट झाली असे धरून चालले होते. १९६०च्या दशकात ती पुन्हा सापडली, १९७९ मध्ये तिला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि २०११ मध्ये ती त्या यादीतून बाहेरही आली. अशी सुखरूप सुटका फार थोड्या वनस्पतींच्या नशिबी येते.

आयोवातल्या एम्स इथल्या बीजबँकेने एकिनेशियाचा संग्रह उभारला तो या पार्श्वभूमीवर. अमेरिकी कृषी खाते आणि आयोवा स्टेट विद्यापीठ मिळून चालवत असलेले हे केंद्र १९४८चे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या लोकांनी रानोमाळ फिरून, तेव्हा मानल्या जाणाऱ्या नऊच्या नऊ जातींचे बी जमवले. प्रत्येक नमुन्याला ‘पीआय’ (प्लांट इंट्रोडक्शन) क्रमांक मिळतो आणि त्यापुढे नोंद होते: कोणता जिल्हा, कोणती जागा, कधी. ही क्रमांकांची वही १८९८ पासून चालू आहे. तिच्यातला पहिला मानकरी रशियातून आलेला कोबी होता.

माझ्या मते या संग्रहाची खरी किंमत त्या नोंदीत आहे. नावे बदलतात. १९६८ मध्ये कॅन्ससच्या रोनाल्ड मॅकग्रेगर यांनी नऊ जाती सांगितल्या. २००२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्या चारवर आणल्या. ही वाटणी अजून सर्वांना मान्य नाही. पण बी कोणत्या माळावरचे हे लिहिलेले असेल, तर वाद मिटेपर्यंत थांबावे लागत नाही. रसायने तपासणाऱ्याला, डीएनए पाहणाऱ्याला त्याच क्रमांकाचे बी मागवता येते. मेयर आणि माडाउस यांच्याकडे नेमके हेच नव्हते.

बी शीतगृहात ठेवले म्हणजे काम झाले असे नाही. एम्समध्ये ते ४ अंश सेल्सिअसला, कोरड्या हवेत असते. जादा प्रत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला उणे १८ अंशांना जाते. उगवण घटली किंवा साठा आटला की ते पुन्हा पेरावे लागते. अँगुस्टिफोलियाचे बी ओले करून काही आठवडे थंडीत ठेवल्याशिवाय नीट जागे होत नाही. एकिनेशिया स्वतःच्या परागाने फळत नाही, म्हणून एका नमुन्याची बरीच रोपे लागतात. आणि शेजारच्या वाफ्यातली दुसरी जात तिच्याशी सहज संकर करते, म्हणून फुले उमलण्याआधी त्या रोपांवर जाळीचा पिंजरा उभा करतात. मग आत मधमाश्यांची छोटी पेटी सोडतात. त्या माश्या तेवढ्याच फुलांवर फिरत राहतात. शरद ऋतूत वाळलेली बोंडे काढून, चोळून, पाखडून बी नव्या पाकिटात भरतात, आणि पाकिटावर क्रमांक तोच जुना लिहितात.