किडनीची सूज : चमचा-मेणबत्तीपासून बायॉप्सीपर्यंत

सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, लघवीला फेस, कधी कोऱ्या चहासारखा रंग. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत हे अनेकदा ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जाच्या पाण्यावर अंगावर काढलं जातं. खरं तर या लक्षणांचा छडा लागून दोनशे वर्षं होत आली.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरची सूज, लघवीतून जाणारी प्रथिनं आणि शवविच्छेदनात दिसलेली बिघडलेली मूत्रपिंडं यांचा संबंध जोडून दाखवला. तपासणी अगदी साधी: चमच्यात लघवी घ्यायची, मेणबत्तीवर धरायची. प्रथिनं असली की ती तापून पांढरी गोठत. पुढे कित्येक दशकं असे सगळेच रुग्ण ‘ब्राइटचा आजार’ या एकाच नावाखाली मोडत. इव्हर्सन आणि ब्रून या डॉक्टरांनी १९५१ मध्ये कोपनहेगनमधून सुईने केलेल्या बायॉप्सीचे, म्हणजे किडनीचा बारीकसा तुकडा काढून केलेल्या तपासणीचे, निष्कर्ष मांडले आणि जिवंत माणसाच्या किडनीत काय चाललंय ते पाहता येऊ लागलं. १९६८ मध्ये पॅरिसच्या जाँ बर्जे यांनी आयजीए नेफ्रोपॅथी, म्हणजे आयजीए नावाची प्रतिपिंडं किडनीत साचून होणारा आजार, वेगळी काढली.

मुलांमधलं एक कारण आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावं असं आहे. स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा धरला, तर एक ते तीन आठवड्यांनी किडनी सुजू शकते. खाजवून पिकलेल्या खरजेनंतर तीन ते सहा आठवड्यांनी. जंतू किडनीत शिरत नाहीत. त्यांच्याशी लढताना शरीरात तयार झालेले प्रतिपिंडांचे पुंजके किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या गाळणीत अडकतात आणि ती सुजते. तोवर खरूज सुकलेली असते, त्यामुळे दोन्हींचा संबंध घरच्यांच्या ध्यानात येत नाही. सुरगाणा-पेठकडच्या आश्रमशाळांत खरजेवर वेळीच औषध मिळणं म्हणूनच मला फार मोलाचं वाटतं. मुलांमधला हा प्रकार बहुधा पूर्ण बरा होतो. मीठ-पाणी बेतानं आणि रक्तदाब आटोक्यात ठेवावा लागतो.

मोठ्यांत ल्युपससारखे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे, आजार कारण असतात, तशाच वेदनाशामक गोळ्याही. द्राक्षछाटणीच्या दिवसांत कंबर धरली की मेडिकलमधून आणून रोज घेतलेली गोळी किडनीला सूज आणू शकते. तिथे पहिला उपचार गोळी बंद करणं. ल्युपसमध्ये स्टेरॉइडसोबत सायक्लोफॉस्फमाइड किंवा मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात.

चमचा-मेणबत्तीची जागा आता कागदी पट्टीने घेतली आहे. सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर बायांची लघवी याच पट्टीने तपासतात. तोंड सुजलेलं पोर आलं, तर त्याच्यासाठीही ती काढायला हवी.