ईश्वरी तरतूद (ख्रिस्ती आचार)

अन्न, वस्त्र, निवारा यांची चिंता न वाहता देव त्या गरजा भागवील अशा भरवशाने जगण्याची ख्रिस्ती धारणा, तसेच तिच्या आधारे उभी राहिलेली कार्यपद्धती. येशूच्या डोंगरावरील प्रवचनातला आकाशातील पाखरांचा व रानातील भूकमळांचा दाखला (मत्तय ६:२५–३४, लूक १२:२२–३१) हा तिचा मुख्य आधार. त्याआधीची निर्गम १६ मधील मान्न्याची (अरण्यात देवाने इस्राएल लोकांना दिलेल्या अन्नाची) कथाही सांगितली जाते. मान्ना त्या दिवसापुरताच वेचायचा. सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडत. शब्बाथाच्या (विश्रांतीच्या सातव्या दिवसाच्या) आदल्या दिवशी मात्र दुप्पट वेचण्याची आज्ञा होती. म्हणजे साठवणीला सरसकट मनाई नव्हती, ही गोष्ट प्रवचनांतून सहसा निसटते. काम करायला जो तयार नाही त्याने खाऊही नये, असे पौलानेही बजावले आहे (२ थेस्सलनीकाकरांस ३:१०).

एकोणिसाव्या शतकात या धारणेला नियमांचे रूप आले : कोणापुढे हात पसरायचा नाही, कर्ज काढायचे नाही, बांधील पगार घ्यायचा नाही, गरज प्रार्थनेत फक्त देवाला सांगायची. या पद्धतीचे जनकत्व साधारणपणे इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अनाथगृहे चालवणारे जर्मन धर्मोपदेशक जॉर्ज म्युलर (१८०५–९८) यांना दिले जाते; पण ते वादग्रस्त आहे. काही अभ्यासक मूळ मागे, जर्मनीतील हाल येथे धर्मोपदेशक ए. एच. फ्रांके यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेल्या अनाथगृहात शोधतात. म्युलर हाल येथेच शिकले आणि काही काळ फ्रांके यांच्या संस्थेत राहिलेही होते. ब्रिस्टलला अनाथगृह काढण्याचा विचार फ्रांके यांचे चरित्र पुन्हा वाचताना पक्का झाला, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. मात्र हालच्या संस्थेला राजाश्रय होता, शिवाय औषधे व छापखाना यांचे उत्पन्नही होते. त्यामुळे ‘न मागण्याचा’ नियम तिथून आला असे म्हणणे अवघड आहे. दुसरा पक्ष स्कॉटिश धर्मोपदेशक एडवर्ड अर्व्हिंग यांच्या १८२४ मधील लंडनच्या प्रवचनाकडे बोट दाखवतो. मिशनऱ्याने प्रेषितांप्रमाणे थैलीविना निघावे, असा त्याचा आशय होता. तिसरा दुवा अधिक जवळचा वाटतो. एक्सेटरचे दंतवैद्य अँथनी नॉरिस ग्रोव्ह्झ यांनी १८२५ मध्ये सर्वस्वदानाचा पुरस्कार करणारी पुस्तिका काढली आणि वर्षाला सुमारे १,५०० पौंडांच्या मिळकतीवर पाणी सोडून १८२९ मध्ये बगदादची वाट धरली. पुढे ते हिंदुस्थानातही आले. त्यांच्या बहिणीशी म्युलर यांचा विवाह १८३० मध्ये झाला, आणि म्युलर यांनी इंग्लंडमधील टेनमथच्या मंडळीचा बांधील पगार सोडला तोही त्याच वर्षी. तेव्हा अनाथगृहाची कल्पना फ्रांके यांची आणि पगारत्याग ग्रोव्ह्झ यांच्या वळणाचा, असे मानणे सयुक्तिक ठरेल.

म्युलर यांचे ब्रिस्टलमधील पहिले अनाथगृह १८३६ मध्ये उघडले. १८७० पर्यंत ॲशली डाउन येथील पाच इमारतींत मिळून सुमारे २,०५० मुलांची सोय झाली. देणग्यांचा तपशील देणारे वार्षिक अहवाल ते छापत. हे अहवाल म्हणजे आडून केलेले आवाहनच, हा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला व तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. हडसन टेलर यांच्या चायना इनलँड मिशनने (१८६५) हेच नियम परदेशी मिशनकार्याला लावले. कॅथलिक परंपरेत तूरिनो येथील कोत्तोलेंगो यांचे ‘ईश्वरी तरतुदीचे छोटे घर’ (१८३२) याच्या जवळचे आहे.

महाराष्ट्रात ही पद्धत मुख्यतः पंडिता रमाबाईंमुळे (१८५८–१९२२) रुजली. म्युलर, टेलर व मिशनरी जॉन पेटन यांची चरित्रे वाचून, असा भरवसा हिंदुस्थानातही टाकता येईल का, हा प्रश्न मनात आल्याचे त्यांनी लिहिले आहे. रमाबाईंच्या कार्याला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेतील बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी १८९८ मध्ये संपली. त्याच सुमारास केडगावचे मुक्ती सदन हे निराधार स्त्रिया व मुलांचे आश्रयस्थान आकाराला आले. शेती, विणकाम व छापखाना तिथे चालत असल्याने प्रार्थना आणि श्रम यांची फारकत झाली नाही. कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा स्थापला. त्यांच्या त्यागाला इंग्लंडपेक्षा वारकरी संतांच्या वैराग्याची छाया अधिक आहे.