ज्वारी ताटातून गेली कशी आणि परत आली कशी

पुण्या-मुंबईत आज ज्वारीचं पीठ गव्हाच्या पिठापेक्षा महाग मिळतं आणि हॉटेलात भाकरीला चपातीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. हीच भाकरी शाळेच्या डब्यात असली की पोरं झाकण आडवं धरून खायची, हे आठवणारी माणसं अजून साठीतच आहेत. शाळूचा, म्हणजे रब्बीच्या ज्वारीचा, दाणा तोच आहे. बदलली ती त्याची पत. आणि माझ्या मते या बदलात जिभेपेक्षा रेशनच्या दुकानाचा वाटा मोठा आहे.

सोलापूर, नगर, बीड, धाराशिव या पट्ट्यात गव्हाची पोळी सणासुदीला किंवा पाहुणा आला की व्हायची. रोजची ती भाकरी. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीत रब्बीचा शाळू नुसत्या ओलीवर येतो. दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांसाठी खुली केली, ती कथा याच गावची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ आजही रब्बीत पेरली जाते, कारण तिची भाकरी गोड लागते आणि कडबा जनावरं आवडीनं खातात.

या ताटात पहिला मोठा हस्तक्षेप झाला तो टंचाईमुळे. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि काय खायचं यापेक्षा काय मिळतंय हे महत्त्वाचं ठरलं. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० या तिथल्या धान्यमदतीच्या कायद्याखाली करार झाला आणि बोटींतून गहू येऊ लागला. गाजरगवत त्या गव्हातूनच आलं, असं गावोगाव आजही सांगतात. त्या लाल गव्हाला नाकं मुरडली गेली, तरी रांगेत उभं राहून तोच आणावा लागला आणि ज्या घरांत पोळी सणाची होती तिथं ती रोजची झाली.

ज्वारीचं नाव खराब व्हायला दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचं देशातलं पहिलं संकरित वाण आलं. उत्पन्न भरघोस, पण खरिपाचं हे पीक लवकर तयार व्हायचं आणि नेमकं परतीच्या पावसात सापडायचं. दाणा काळा पडायचा आणि भाकरीला चव नसायची. ‘हायब्रीड’ हा शब्द तेव्हापासून माणसांनाही चिकटला, तो काही कौतुकानं नव्हे. दुसरी गोष्ट १९७२ च्या दुष्काळाची. खडी फोडायच्या कामावर सुकडीचा कोरडा खाऊ आणि रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात, हे इथल्या माणसाला ठाऊक होतं आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं. ज्या पिढीनं मिलो खाल्ली तिनं पोरांच्या ताटात गहू यावा असं ठरवलं असेल, तर तिला दोष कसा द्यायचा?

तोवर उत्तरेत बुटक्या गव्हानं हरितक्रांती केली होती. सरकारी खरेदीचा भर गहू-तांदळावर राहिला, गोदामं त्यांनीच भरली आणि रेशनवर तेच आलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो असा दर लिहिला होता. ज्वारी कागदावर सर्वांत स्वस्त होती, पण दुकानात बहुतेक ठिकाणी ती नसायचीच.

नुसत्या सरकारवर खापर फोडणंही बरोबर नाही. भाकरी थापून बघितलेल्या कुठल्याही बाईला विचारा. गव्हाची कणीक मळून झाकून ठेवता येते, सकाळी भिजवलेली दुपारी चालते. ज्वारीला ग्लूटेन नाही, त्यामुळे पिठाला चिवटपणा नाही. गरम पाणी घालून एका भाकरीपुरतंच पीठ मळायचं, तळहातानं रगडायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं आणि मग निखाऱ्यावर फुगवायची. दळण जुनं झालं की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापतानाच कडेला चिरते. म्हणजे आठवड्याला गिरणी आणि रोज दोन वेळा चुलीपुढे बैठक. चपाती आली तेव्हा बायकांनी ती आनंदानं स्वीकारली, यात नवल काहीच नाही. भाकरीच्या आठवणीनं गहिवरणाऱ्या लेखांत थापणारे हात सहसा लेखकाचे नसतात.

परतीचा रस्ता दवाखान्यातून आला. मधुमेह आणि वजन वाढल्यावर डॉक्टर भाकरी सांगू लागले. (पाच भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच, हे सांगायचं मात्र राहून जातं.) एप्रिल २०१८ मध्ये केंद्रानं ज्वारी-बाजरीला भरड धान्याऐवजी पोषक धान्य म्हणायचं ठरवलं, २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्रीअन्न’ हे नाव मिळालं. सोलापूरच्या बायकांची कडक भाकरी पाकिटातून दूरदूर जाऊ लागली. थापायचे कष्ट आता पैसे देऊन विकत घेता येतात, आणि शहरात भाकरी परत आली त्यामागे डॉक्टरांइतकंच हेही कारण आहे.

गावाकडे चित्र उलटं आहे. रेशनचा गहू २०२३ पासून फुकट आहे, त्यामुळे चपाती ही गरिबाघरची रोजची झाली आणि शाळू विकायचा माल झाला. २०२३-२४ च्या खरिपासाठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,२२५ रुपये जाहीर झाला होता. त्याच वर्षी पेरलेल्या गव्हाचा होता २,२७५. एवढा फरक असूनही शेतकरी ज्वारीकडे धावत सुटलेला नाही. मराठवाडा-विदर्भात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीननं केव्हाच घेतली. रब्बीत माणसाहून उंच वाढलेलं ज्वारीचं धाट हातानं उपटावं लागतं, पेंढ्या बांधाव्या लागतात, कणसं खुडावी लागतात. पाखरं राखायची ती वेगळीच. गव्हाला हार्वेस्टर येतो, इथं मजूर शोधावे लागतात, आणि काढणीच्या दिवसांत ते मिळत नाहीत. दावणीला जनावर असेल तो कडब्यासाठी तरी पेरतो. ज्यानं जनावरं विकली, तो शाळवाच्या जागी हरभरा टाकतो.