इफडेफ: एका फाइलमध्ये अनेक मशीन्स

'सी' या प्रोग्रामिंग भाषेचा प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपायलरच्या (कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामच्या) आधी कोडवर हात फिरवणारा प्रोग्राम, बेल लॅब्जमध्ये 1972-73 च्या सुमारास आला, तेव्हा त्याला दोनच कामं येत होती: दुसरी फाइल आत ओढणं आणि साधे मॅक्रो (कोडच्या तुकड्यांना दिलेली नावं) बदलणं. सशर्त कंपायलेशनची, म्हणजे #इफडेफसारखी अट पाहून कोडचा भाग घेण्याची किंवा वगळण्याची, सोय नंतर मुख्यतः माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी केली. पुढे युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पीडीपी-11 या कम्प्युटरवरून इतर मशीन्सवर गेलं आणि बीएसडी, सिस्टिम फाइव्ह असे फाटे फुटले. मग 'या मशीनवर ही ओळ, त्या मशीनवर ती' लिहायला #इफडेफ हाताशी होतंच.

एखाद-दुसऱ्या अटीचा त्रास होत नाही. पण एका फंक्शनमध्ये चार-पाच अटी एकमेकींत शिरल्या, की वाचणाऱ्याला प्रत्येक मशीनसाठी तेच फंक्शन पुन्हा मनात जुळवावं लागतं. शिवाय न निवडलेली फांदी कंपायलर तपासतच नाही. ती मोडली तरी कळतं ते दुसऱ्या मशीनवर बिल्ड केल्यावरच, म्हणजे तिथे कोडपासून प्रोग्राम तयार करायला घेतल्यावरच.

हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी 1992 च्या युझनिक्स या कम्प्युटर तज्ज्ञांच्या संघटनेच्या परिषदेत यावर थेट बोट ठेवलं. 'सी न्यूज' हे यूझनेट या चर्चागटांच्या जाळ्याचं सॉफ्टवेअर अनेक प्रकारच्या युनिक्सवर चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांचा उपाय मला आजही सर्वात पटतो: फरक एका नीट आखलेल्या इंटरफेसमागे (ठरलेल्या फंक्शनांच्या संचामागे) ठेवा, प्रत्येक सिस्टिमसाठी त्याची वेगळी फाइल लिहा आणि कोणती घ्यायची ते बिल्डला ठरवू द्या. मूळ कोडला मशीनचं नावही कळू नये. 1991 मध्ये सुरू झालेल्या ऑटोकॉन्फ या बिल्डआधी सिस्टिम तपासणाऱ्या साधनानेही प्रश्न बदलला होता. 'ही कोणती सिस्टिम?' असं न विचारता 'हे फंक्शन इथे आहे का?' असं ते विचारतं. सिस्टिमची नवी आवृत्ती आली तरी हा प्रश्न टिकतो.

लिनक्स कर्नलच्या (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लेखननियमांतही .सी फाइलींत शक्यतो #इफडेफ नको, ते हेडरमध्ये (.सी फाइली आत ओढतात त्या घोषणांच्या फाइलीत) न्या आणि अट लागू नसेल त्या बाजूला रिकामं फंक्शन द्या, असं सांगितलं आहे. एखादी सोय चालू आहे का ते सांगणारा कर्नलचा 'इज एनेबल्ड' मॅक्रो तर साध्या 'इफ'मध्ये बसतो, त्यामुळे बंद फांदीही कंपायलरच्या नजरेखालून जाते.

'गो' भाषेत फाइलच्या नावाला विंडोज किंवा लिनक्सचं शेपूट लावलं, की ती त्याच सिस्टिमवर कंपाइल होते. मात्र फाइल कधी घ्यायची ते सांगणाऱ्या तिथल्या जुन्या बिल्ड-अटींत मोकळी जागा म्हणजे 'किंवा' आणि स्वल्पविराम म्हणजे 'आणि'. हे लक्षात ठेवणं अवघडच होतं. 2021 च्या 1.17 आवृत्तीपासून तिथे सरळ && आणि || लिहिता येतात.